विल्हेल्म फॉन हुंबोल्ट

विल्हेल्म फॉन हुंबोल्ट (२२ जून, १७६७, पोट्सडाम – ८ एप्रिल, १८३५, टेगेल) हे प्रशियाचे मुत्सद्दी, शिक्षणसुधारक, भाषाशास्त्रज्ञ आणि तत्त्वचिंतक होते. बर्लिन विद्यापीठाच्या स्थापनेचे प्रमुख श्रेय त्यांना दिले जाते. निसर्गशास्त्रज्ञ आणि प्रवासी अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट हे त्यांचे धाकटे बंधू. भारतीय अभ्यासकांना विल्हेल्म यांचे नाव ठाऊक असते ते मुख्यतः भगवद्गीतेवरील त्यांच्या व्याख्यानांमुळे.

आयुष्याच्या अखेरच्या सहा-सात वर्षांत त्यांना कंपवाताने (पार्किन्सनचा आजार) ग्रासले होते. त्या वर्षांतील त्यांची पत्रे म्हणजे रुग्णाने स्वतः केलेले या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन होय, असे चेताविज्ञानाच्या इतिहासात मानले जाते. मात्र आपल्याला काही आजार जडला आहे, हे हुंबोल्ट यांनी कधीच मान्य केले नाही. पत्नीच्या मृत्यूच्या दुःखाने आपल्याला अकाली वार्धक्य आले, अशी त्यांची समजूत होती आणि ती अखेरपर्यंत कायम राहिली.

बालपण आणि शिक्षण

हुंबोल्ट कुटुंब सधन होते. वडील अलेक्झांडर गेओर्ग हे प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी आणि नंतर राजदरबारातील मानकरी. १७७९ मध्ये ते वारले, तेव्हा विल्हेल्म अकरा वर्षांचे होते. आई मारी एलिझाबेथ कर्तव्यदक्ष परंतु अबोल आणि भावना न दाखवणारी होती. बर्लिनजवळच्या टेगेल येथील वाड्यात दोन्ही भाऊ खासगी शिक्षकांच्या देखरेखीखाली वाढले. त्या शिक्षकांपैकी योआखिम हाइनरिख कांपे आणि गोटलोब कुंट हे दोघे विशेष उल्लेखनीय. दोन्ही भावांना हे बालपण नीरस वाटले होते. अलेक्झांडर तर या वाड्याला कंटाळ्याचा वाडा म्हणत. विल्हेल्म यांनी लहानपणीच ग्रंथांचा आणि आत्मपरीक्षणाचा आश्रय घेतला. स्वतःच्या मनाकडे थोडे दूर उभे राहून पाहण्याची ही सवय पुढे आजारपणात त्यांच्या कामी आली.

फ्रांकफुर्ट (ओडर) आणि गटिंगन येथे त्यांनी कायदा, ग्रीक भाषा आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. १७८९ च्या ऑगस्टमध्ये कांपे यांच्यासह ते पॅरिसला गेले आणि राज्यक्रांतीचे पहिले दिवस त्यांनी जवळून पाहिले. त्यानंतर काही काळ त्यांनी बर्लिनच्या न्यायालयात उमेदवारी केली. पण ते काम सोडून १७९१ मध्ये त्यांनी कारोलिना फॉन डाखेरॉडेन यांच्याशी विवाह केला. राज्यसंस्थेने नागरिकाच्या जीवनात कोठवर हस्तक्षेप करावा, याविषयीचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ याच सुमाराचा आहे. तो संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला १८५१ मध्ये, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर सोळा वर्षांनी. जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्वातंत्र्यविषयक विचारांवर त्याचा ठसा आहे.

राज्यसेवा

१७९४ ते १७९७ या काळात हुंबोल्ट येना येथे राहिले आणि शिलर व गटे यांच्या निकटच्या वर्तुळात वावरले. त्यानंतर पॅरिसमधील वास्तव्य, बास्क प्रदेशातील दोन प्रवास आणि १८०२ पासून रोममधील प्रशियाचे प्रतिनिधित्व अशी त्यांची वाटचाल झाली. रोममधील वर्षे त्यांना सर्वांत प्रिय होती आणि सर्वांत मोठा आघातही तेथेच झाला. थोरला मुलगा विल्हेल्म १८०३ मध्ये नऊ वर्षांचा असताना तापाने दगावला. त्यानंतरच्या काही वर्षांत लुइझा आणि गुस्टाफ ही आणखी दोन अपत्ये गेली. एकूण आठ अपत्यांपैकी पाच मोठी झाली.

१८०९ मध्ये प्रशियाच्या गृहखात्यातील धर्म आणि शिक्षण विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. नेपोलियनकडून पराभूत झालेल्या, खजिना रिकामा असलेल्या देशात जेमतेम सोळा महिन्यांत त्यांनी प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंतच्या शिक्षणाची नवी घडी बसवली. १८१० मध्ये सुरू झालेले बर्लिन विद्यापीठ हे त्या कामाचे सर्वांत ठळक फळ. अध्यापन आणि संशोधन एकाच छताखाली चालावे, आणि राज्यसंस्थेने ज्ञानव्यवहारात ढवळाढवळ करू नये, ही त्यामागील भूमिका होती. पुढे व्हिएन्ना येथील राजदूत, १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेत हार्डेनबर्ग यांचे सहकारी, १८१७ पासून लंडनमधील राजदूत आणि १८१९ मध्ये मंत्री अशी पदे त्यांनी भूषवली. वृत्तपत्रे आणि विद्यापीठे यांच्यावर निर्बंध लादणाऱ्या कार्ल्सबाड ठरावांना त्यांनी विरोध केला. परिणामी १८१९ च्या अखेरच्या दिवशी त्यांना मंत्रिपदावरून दूर करण्यात आले.

लंडनमधील नेमणुकीचे वर्ष एका योगायोगामुळे लक्षात राहते. त्याच १८१७ साली, त्याच शहरात, जेम्स पार्किन्सन या वैद्याने कंपयुक्त लकव्यावरील आपला छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात सहा रुग्णांचे वर्णन होते आणि त्यांपैकी काहींना तर पार्किन्सन यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. या निबंधाकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या विकाराला पार्किन्सन यांचे नाव मिळाले ते अर्धशतक उलटून गेल्यावर, पॅरिसचे चेतातज्ज्ञ शार्को यांच्यामुळे.

टेगेल, संस्कृत आणि भगवद्गीता

पदमुक्त झाल्यावर हुंबोल्ट टेगेलला परतले. वास्तुशिल्पी शिंकेल यांच्याकडून त्यांनी जुना वाडा नव्याने बांधून घेतला, रोमहून आणलेली शिल्पे त्यात मांडली आणि उरलेले आयुष्य भाषांच्या अभ्यासाला वाहिले. बास्क, अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषा, चिनी आणि पॅसिफिक बेटांवरील भाषा असा त्यांचा आवाका होता. संस्कृत त्यांनी लंडनमध्ये फ्रान्त्स बोप यांच्याकडून शिकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांनी १८२३ मध्ये बॉन येथून भगवद्गीतेची देवनागरी संहिता लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली. ती वाचून हुंबोल्ट भारावून गेले. हे काव्य वाचायला मिळेपर्यंत आयुष्य लाभले याबद्दल त्यांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात दैवाचे आभार मानले आहेत. ३० जून, १८२५ आणि १५ जून, १८२६ या दिवशी बर्लिनच्या विज्ञान अकादमीत त्यांनी गीतेवर व्याख्याने दिली. फळाची आसक्ती न ठेवता कर्म करावे, हा विचार त्यांना गीतेचा गाभा वाटला. हेगेल यांनी १८२७ मध्ये या व्याख्यानांचे विस्तृत परीक्षण लिहिले. त्याचा सूर मात्र बराच प्रतिकूल होता. गीतेच्या या वाचनाचा हुंबोल्ट यांच्या पुढील आजारपणाशी थेट संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा. सुखदुःखाकडे तटस्थपणे पाहण्याचा स्वभाव त्यांच्यात आधीपासूनच होता आणि ग्रीक व रोमन ग्रंथांनी तो घडवला होता. गीतेत त्यांना आपल्याच वृत्तीचा एक दूरदेशीचा सोबती भेटला, एवढे म्हणता येते.

कारोलिना यांचा मृत्यू

कारोलिना या विदुषी होत्या. कलावंतांच्या आश्रयदात्या म्हणूनही त्यांची ख्याती होती. हुंबोल्ट दांपत्याचे सहजीवन त्या काळाच्या मानाने वेगळेच होते. नोकरीमुळे दोघे वर्षानुवर्षे वेगवेगळ्या शहरांत राहत आणि हजारो पानांचा पत्रव्यवहार त्यांना जोडून ठेवी. १८२० नंतरच टेगेलमध्ये त्यांचा खऱ्या अर्थाने एकत्र संसार झाला. कारोलिना यांच्या प्रकृतीसाठी दोघे ऑस्ट्रियातील गास्टाइनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जात. १८२८ मध्ये त्यांनी पॅरिस आणि लंडनचा प्रवासही केला. त्यानंतरच्या हिवाळ्यात कारोलिना अंथरुणाला खिळल्या आणि २६ मार्च, १८२९ रोजी त्यांचे निधन झाले.

हुंबोल्ट यांनी टेगेलच्या उद्यानात त्यांची समाधी बांधली. तेथे एक उंच स्तंभ असून त्यावर आशादेवतेची मूर्ती आहे. मूळ मूर्ती टोर्वाल्डसन या शिल्पकाराची. खोलीच्या खिडकीतून हा स्तंभ दिसे, आणि तेथवर फेरी मारून येणे हा हुंबोल्ट यांचा नित्यक्रम झाला. बाहेर जाणे त्यांनी कमी केले. लोकांच्या सहवासापेक्षा एकांत आणि आठवणी त्यांना अधिक जवळच्या वाटू लागल्या. मृत्यूविषयी ते निर्भयपणे, कधी कधी ओढीनेही लिहू लागले.

आजाराची वर्षे

शरीरातील बदल याच सुमारास नजरेत भरू लागले. हात-पाय कापू लागले. हा कंप अवयव स्वस्थ असताना अधिक जाणवे. पाठीत बाक आला आणि चाल मंदावली. साठी नुकतीच ओलांडलेला हा माणूस पाहणाऱ्याला बराच अधिक वयाचा वाटे. या बदलांविषयी आपल्याला तपशील मिळतो तो शार्लोट डीड या मैत्रिणीला त्यांनी लिहिलेल्या पत्रांतून. १७८८ मध्ये पिर्मोंट येथे तीन दिवसांपुरती या दोघांची ओळख झाली होती. पुढे सव्वीस वर्षांनी, हलाखीच्या दिवसांत, शार्लोट यांनी हुंबोल्ट यांना पत्र लिहिले आणि त्यातून सुरू झालेला पत्रव्यवहार हुंबोल्ट यांच्या मृत्यूपर्यंत चालला. कासेल येथे राहून कागदा-कापडाची फुले करून उदरनिर्वाह करणाऱ्या या एकाकी स्त्रीला ते नियमितपणे लांबलचक पत्रे पाठवत.

लिहिणे हेच आता कठीण होऊन बसले होते. हुंबोल्ट यांनी या अडचणीचे केलेले विश्लेषण आजच्या चेतातज्ज्ञांनाही थक्क करते. हातातील शक्ती गेलेली नाही, हे त्यांनी हेरले होते. जड वस्तू उचलता येत असे. पण लेखनासारखी, अनेक बारीक हालचाली भराभर एकामागून एक कराव्या लागणारी क्रिया जमत नसे. या अवघडलेपणाचा त्यांनी कंपाहून वेगळा विचार केला. हात कापतो म्हणून लिहिता येत नाही असे नसून हालचालींची गुंफणच विस्कटली आहे, हे त्यांना उमगले. ओळीच्या सुरुवातीला निश्चयाने मोठे काढलेले अक्षर पुढे आपोआप बारीक होत जाते, हेही त्यांनी टिपून ठेवले आहे. कंपवाताचे हे लक्षण आज वैद्यकात सुपरिचित आहे. पार्किन्सन यांच्या निबंधात मात्र ते आढळत नाही.

इतके सूक्ष्म निरीक्षण करणारा माणूस निष्कर्षापाशी येऊन थांबला. हे दुखणे नव्हे, असे त्यांनी वारंवार बजावले. त्यांच्या मते हा वार्धक्याचाच भाग होता. फक्त तो दुःखामुळे दहा-पंधरा वर्षे आधी आला होता. पत्नी गेल्याने जगण्याचे मूळच उखडले गेले, मग शरीर तरी कसे तग धरणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. उत्तर समुद्रातील नॉर्डर्नाय बेटावर समुद्रस्नानासाठी ते जात. त्याने काही काळ हुशारी येई, पण ती टिकत नसे.

असे असूनही त्यांचे कामाचे तास कमी झाले नाहीत. बर्लिनमधील नव्या संग्रहालयाच्या मांडणीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी कारोलिना यांच्या मृत्यूनंतरच सांभाळले आणि १८३० मध्ये ते संग्रहालय खुले झाले. त्याच वर्षी राजाने त्यांना पुन्हा राज्यपरिषदेवर घेतले. हात साथ देईना तेव्हा ते लेखनिकाला मजकूर सांगू लागले. याच पद्धतीने जावा बेटावरील प्राचीन कवी भाषेवरचा त्यांचा महाग्रंथ आकाराला आला. संस्कृत शब्दांनी भरलेली ही भाषा आणि महाभारतातील युद्धावर आधारलेले तिच्यातील काव्य हा त्या ग्रंथाचा प्रारंभबिंदू होता. तेथून पुढे विवेचन मानवी भाषांच्या वैविध्यापर्यंत जाते. थोरली कन्या कारोलिना अविवाहित होती आणि वडिलांबरोबर टेगेललाच राहत असे. अलेक्झांडर १८२७ मध्ये पॅरिसहून बर्लिनला परतले होते आणि भावाकडे त्यांचे नित्य येणे-जाणे होते.

अखेरच्या काही वर्षांत हुंबोल्ट यांनी आणखी एक नेम धरला. रोज रात्री ते एक सुनीत रचून लेखनिकाकडून उतरवून घेत. अशी हजाराहून अधिक सुनीते त्यांच्या मागे सापडली. त्यांचे वाङ्मयीन मूल्य बेताचेच आहे. पण दिवस कितीही वाईट गेला तरी तो एका पूर्ण झालेल्या रचनेने संपवायचा, हा क्रम त्यांनी मोडू दिला नाही आणि चरित्रकाराच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे.

मनःस्थितीचा प्रश्न

हुंबोल्ट यांना कंपवात होता, हा निष्कर्ष विसाव्या शतकाच्या अखेरीस निघाला. १९९५ मध्ये अमेरिकेतील न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्या १८२८ ते १८३५ या काळातील पत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंप, मंदावलेल्या हालचाली, बारीक होत जाणारे अक्षर आणि वाकलेली शरीरस्थिती ही लक्षणे त्यात एकत्र मांडण्यात आली. निदानाविषयी त्यानंतर फारसा वाद राहिलेला नाही. हुंबोल्ट यांच्या मनःस्थितीविषयी मात्र एकमत होणे अवघड आहे.

त्यांना नैराश्य होते काय? समाजापासून दूर जाणे, गतकाळात रमणे, मृत्यूची ओढ ही लक्षणे आज एखाद्या डॉक्टरासमोर आली तर तो नैराश्याची शक्यता नक्कीच पडताळून पाहील. दुसऱ्या बाजूला कामातील गोडी, जिज्ञासा आणि आप्तांविषयीचा जिव्हाळा या गोष्टी अखेरपर्यंत टिकून होत्या, आणि त्या गाढ नैराश्यात सहसा टिकत नाहीत. पत्रांत चिंतेचा सूर जवळपास नाही. आढळते ती शांतता. परंतु ही पत्रे खचलेल्या मैत्रिणीला धीर देण्यासाठी लिहिलेली होती, हे विसरता येत नाही. धीर देणारा मनुष्य स्वतःची घालमेल सहसा लिहीत नाही. शिवाय भावना आवरून धरणे हा हुंबोल्ट यांच्या लेखी सुसंस्कृतपणाचा भाग होता. म्हणून त्या शांततेला संपूर्ण साक्ष मानता येणार नाही.

आजाराविषयीचे आजचे ज्ञान या प्रश्नाला वेगळे वळण देते. कंपवातात मेंदूतील डोपामिन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. पण हानी तेवढ्यावर थांबत नाही. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन या द्रव्यांवर चालणारी चेताकेंद्रेही बाधित होतात आणि मनःस्थितीचे नियमन मुख्यतः याच केंद्रांवर अवलंबून असते. त्यामुळे नैराश्य आणि चिंता या आजारावरील निव्वळ प्रतिक्रिया नसून बऱ्याच अंशी आजाराचाच भाग असतात. सुमारे एकतृतीयांश रुग्णांत नैराश्याची लक्षणीय चिन्हे आढळतात आणि चिंताविकाराचे प्रमाणही जवळपास तितकेच आहे. काही रुग्णांत तर ती कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी दिसतात. तेव्हा हुंबोल्ट यांनी कारण आणि परिणाम यांची लावलेली जोडी उलटीही असू शकते. दुःखाने शरीर ढासळले असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात मेंदूत आधीच सुरू झालेल्या बदलांनी ते दुःख अधिक गडद केले असेल. अर्थात सदतीस वर्षांच्या सहचारिणीचा वियोग असह्य वाटण्यासाठी कोणत्याही आजाराची गरज नसते, हेही खरेच. दोन शतकांपूर्वीच्या पत्रांवरून याचा निवाडा होणार नाही.

या विचारातून आजच्या रुग्णाशी संबंधित असा एक मुद्दा पुढे येतो. हुंबोल्ट यांच्या बाबतीत शोकाने आजार झाकला. आज पुष्कळदा याच्या उलट घडते: आजार नैराश्याला झाकतो. हात कापत असताना, चालता येत नसताना माणूस खिन्न असणारच, अशी समजूत घरच्यांची, रुग्णाची आणि कधी कधी डॉक्टरांचीही असते. म्हणून त्या खिन्नतेवर वेगळा उपचार होत नाही. त्यातच या विकाराने चेहऱ्यावरचे भाव गोठतात, आवाज क्षीण होतो, हालचाली आणि बोलणे मंदावते, झोप बिघडते. ही सर्व नैराश्याचीही बाह्य चिन्हे असल्याने एखाद्या रुग्णात नैराश्य नसताना ते असल्याचा भास होतो, आणि दुसऱ्यात ते असूनही चेहऱ्याच्या ताठरपणात लपून जाते.

या दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. सहा देशांतील रुग्णांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जीवनाच्या गुणवत्तेवर आजाराच्या तीव्रतेचा आणि औषधांचा परिणाम अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी, तर नैराश्याचा परिणाम सर्वांत अधिक असल्याचे तीत दिसून आले. निदान कसे समजावून सांगितले गेले याविषयीचे समाधान आणि भविष्याविषयीची आशा यांचाही वाटा त्यात होता. ऑक्सफर्ड येथे तयार झालेल्या आणि आता सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ३९ प्रश्नांच्या प्रश्नावलीत चालणे-फिरणे आणि दैनंदिन कामे यांच्या बरोबरीने भावनिक स्वास्थ्य, लोकलज्जा, सामाजिक आधार आणि संवाद यांनाही स्थान आहे. चारचौघांत हात कापेल, पेला सांडेल, या भीतीने रुग्ण बाहेर पडणे टाळतो. बाहेर न पडल्याने एकटेपणा वाढतो, व्यायाम थांबतो आणि शरीराचीही अधिक हानी होते. चिंतेने कंप वाढतो, वाढलेल्या कंपाने चिंता वाढते. लेव्होडोपा या मुख्य औषधाचा प्रभाव ओसरू लागला की काही रुग्णांना एकाएकी धास्तीचे झटके येतात आणि पुढची मात्रा लागू पडली की ते निवळतात. म्हणजे मनःस्थितीचे हे चढउतार शरीरातील औषधाच्या चढउतारांशी बांधलेले असतात. त्यांना स्वभावदोष किंवा मनाचा दुबळेपणा म्हणणे चुकीचे ठरते. नैराश्यावरील औषधे आणि विचारपद्धती बदलण्यास मदत करणारे मानसोपचार या दोहोंचाही कंपवाताच्या रुग्णांना उपयोग होतो.

हुंबोल्ट यांना यांपैकी कोणताच उपचार उपलब्ध नव्हता. परंतु टेगेलमधील त्यांची दिनचर्या पाहिली की काही गोष्टी लक्षात येतात. कामाचे ठरलेले तास, रोजची फेरी, हाताऐवजी लेखनिकाचा वापर, मुलीची सोबत, भावाशी चालणाऱ्या चर्चा, दूरच्या मैत्रिणीशी पत्रव्यवहार आणि रात्रीचे सुनीत ही ती दिनचर्या होती. आज रुग्णांना नेमके हेच सुचवले जाते. अर्थात वाडा, नोकरचाकर आणि लेखनिक ज्याच्यापाशी आहेत त्याला हे सोपे होते. शार्लोट डीड यांना असा आजार जडला असता तर फुले करणाऱ्या त्या हातांचे काय झाले असते, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. हुंबोल्ट यांच्या आजारपणाची कथा धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते, तेव्हा तिला लाभलेला हा आधार पुष्कळदा वगळला जातो.

पार्किन्सन यांनी आपल्या निबंधात ज्ञानेंद्रिये आणि बुद्धी या विकारात अबाधित राहतात असे नोंदवले होते. रस्त्यात दुरून पाहिलेल्या रुग्णाच्या मनात काय चालले आहे, हे त्यांना कळणे शक्यही नव्हते. मनाची बाजू आतून कशी दिसते, याची पहिली सविस्तर नोंद हुंबोल्ट यांनी केली. तिला आजाराचे नाव देण्याचे मात्र त्यांनी नाकारले.

मृत्यू आणि मरणोत्तर प्रकाशने

१८३५ च्या वसंतात हुंबोल्ट यांची प्रकृती झपाट्याने खालावली. अशक्तपणा वाढला, कंप तीव्र झाला आणि आवाज जेमतेम ऐकू येईल इतका क्षीण झाला. ८ एप्रिल रोजी टेगेल येथे त्यांचे निधन झाले. अलेक्झांडर त्यांच्याजवळ होते. मरणाच्या उंबरठ्यावरही भावाची बुद्धी किती स्वच्छ होती, याचे वर्णन अलेक्झांडर यांनी त्या दिवसांतील पत्रांत केले आहे.

कवी भाषेवरील ग्रंथ अलेक्झांडर आणि भाषातज्ज्ञ एडुआर्ड बुशमान यांच्या देखरेखीखाली १८३६ ते १८३९ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याची विस्तृत प्रस्तावना आधुनिक भाषाविज्ञानातील मूलभूत लेखनांपैकी एक गणली जाते. शार्लोट डीड यांना लिहिलेली पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर, १८४७ मध्ये, पुस्तकरूपाने आली. हुंबोल्ट यांच्या साऱ्या लेखनात सामान्य वाचकांमध्ये सर्वाधिक खपलेले पुस्तक हेच. अनेक पिढ्यांनी ते उपदेशपर वाङ्मय म्हणून वाचले. त्यात एका आजाराची नोंदवही दडलेली आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

बर्लिन विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी दोन्ही भावांचे बैठे पुतळे १८८३ मध्ये बसवण्यात आले आणि १९४९ पासून ते विद्यापीठ हुंबोल्ट यांच्या नावाने ओळखले जाते. टेगेलच्या उद्यानात, आशादेवतेच्या स्तंभाच्या पायथ्याशी, विल्हेल्म आणि कारोलिना यांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. १८५९ मध्ये अलेक्झांडर यांचेही दफन तेथेच झाले.